तुझं कार्ड लागलं, एस्तेर

प्रिय एस्तेर,

तुझ्याच घरी, तुझ्याच टेबलावर बसून लिहितेय. हसू नकोस! कुलकर्णी आणि अश्फाक मेट्रोने परत गेले, मावशी आत जरा आडव्या झाल्यात, आणि मला "तू संध्याकाळपर्यंत थांब" असा हुकूम झालाय. स्वतःच्या आईचा हुकूम मोडायची हिंमत तुझ्यात कधी नव्हती, मग माझ्यात कुठून येणार?

आजच का लिहितेय? कारण आज सकाळी तुझ्याकडे फाइटची बैठक झाली. तू नसताना, तुझ्या सोफ्यावर, तुझ्या टीव्हीसमोर. आम्ही तिघं आपण होऊन कधीच आलो नसतो. तुझं कार्ड लागलं म्हणून यावं लागलं.

हो, तुझं कार्ड! तू गेल्यावरसुद्धा!

सगळं नीट सांगते. पण आधी जरा भांडू दे.

हे खूळ तू लावलंस आम्हाला. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये आपण दोघी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत थालीपीठ खायला गेलो होतो, आठवतं? शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला मुलगा पाण्याच्या ग्लासला मोबाइल टेकवून अमेरिकेतली फाइट बघत होता. पिंजऱ्यात दोन माणसं एकमेकांना गुडघ्यांनी बडवत होती. मी तोंड फिरवलं. तू मात्र खुर्ची ओढून थेट त्याच्या शेजारी! "काय रे, हा खाली पडलाय तरी जिंकतोय का?" तो अश्फाक. परभणीचा, परीक्षा देऊन देऊन शेवटी कोचिंगमध्ये शिकवायला लागलेला. थालीपीठ संपेपर्यंत तुला गळा आवळायचे चार प्रकार कळले होते.

मग माझ्यामागे लागलीस. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ, पोहे खात खात बघता येतं, काय हरकत आहे? हरकत ही, की मला रक्त बघवत नाही! "तू रक्त बघू नकोस, तू चौकोन बघ," म्हणालीस. आणि ऑफिसातल्या बायकांच्या तंबोल्यात आकडे पुकारून तू कंटाळली होतीस, म्हणून एका बाजूने छापलेल्या जुन्या कागदांच्या मागे पाच बाय पाचचे चौकोन आखून बिंगोची कार्डं केलीस.

काय काय लिहिलं होतंस! "डोळ्यात बोट जातं." "घंटा वाजल्यावरही एक ठोसा." "कोपऱ्यातला गुरू ओरडतो, श्वास घे." आणि मधूनमधून आम्हीही, तू ओढून आणलेला ऑडिटर कुलकर्णीसुद्धा. "कुलकर्णी म्हणतो, याला कुस्ती म्हणतात का!" "अश्फाक पोहे सांडतो." "मंगल डोळे मिटते." जे घडेल त्या चौकोनावर चिंचोका ठेवायचा, आडवी, उभी किंवा तिरकी रांग भरली की बिंगो. चिंचोके तू नगरहून पिशवी भरून आणले होतेस. कुलकर्णीची मुलगी त्यांना अजून "वो इमली वाले बटन" म्हणते.

मधला चौकोन सगळ्यांना सारखा होता. "दोघं मिठी मारतात." बिंगोत मधलं घर फुकट असतं म्हणून अश्फाकने वाद घातला होता, तेव्हा तू म्हणालीस, "माझ्या खेळात फुकट काही नाही. मिठी झाल्याशिवाय बिंगो नाही." मग रांग कुठलीही असो, ती मधल्या चौकोनातूनच गेली पाहिजे. इतकं मारून झाल्यावर ती माणसं एकमेकांच्या गळ्यात पडायची, तेव्हा तू सोफ्यावरून पुढे सरकून बसायचीस. मला वाटतं, तू बाकीची सगळी मारामारी त्याच्यासाठीच सहन करायचीस.

आणि तुझे ते दोन नियम! ज्याला बिंगो लागेल त्याच्या घरी पुढची बैठक. आणि जो आला नसेल त्याचंही कार्ड मांडायचं, बाकीच्यांनी त्याचे चिंचोके ठेवायचे. कुलकर्णी ऑडिटच्या दौऱ्यावर असताना भुवनेश्वरला बसल्या बसल्या जिंकला होता. त्याच्या बायकोला आम्ही सगळ्यांनी फोनवरून कळवलं, "वहिनी, पुढच्या वेळी आम्ही जेवायला आहोत." तिने त्याला काय काय ऐकवलं असेल!

तेव्हा तू हसताना खोकायला लागलीस. खोकला थांबेना. आम्ही पाणी आणलं, पाठ चोळली, आणि दम खाऊन तू काय केलंस? पेन घेतलंस आणि नवीन कार्डांवर लिहिलंस, "एस्तेर खोकते."

याचा मला अजून राग येतो, एस्तेर. फार येतो. दिवाळीनंतर या शहराची हवा कशी होते हे तुला माहीत नव्हतं? दम्याचा पंप पर्समध्ये तळाशी, मास्क हनुवटीवर, आणि विचारलं की "अगं, सगळी दिल्ली खोकतेय." तो चौकोन अजून कार्डांवर आहे. त्याच्यावर आता कधीच चिंचोका पडायचा नाही, पण खोडायला कुणाचा हात होत नाही. ज्याला ते कार्ड येतं तो दुसऱ्या रांगेकडे बघतो. त्याची ती रांग मेलेली असते.

जानेवारीत माझ्याकडे गाझियाबादला बसलो होतो. तू गेल्यावरची पहिलीच बैठक. कुलकर्णीने तुझ्या जुन्या कार्डांचा गठ्ठा पिसला आणि वाटला. चार ठिकाणी वाटला. सवयीने वाटला बिचाऱ्याने! चौथं कार्ड सोफ्याच्या डाव्या टोकापुढे, तुझ्या जागी, ठेवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा हात तसाच हवेत राहिला.

"उचलू का?" त्याने विचारलं.

"राहू दे ना सर," अश्फाक म्हणाला. "नियम आहे. जो आला नाही त्याचंही मांडायचं."

जो आला नाही! कसं सहज म्हणाला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

खेळ सुरू झाला. अश्फाक तुझे चिंचोके ठेवत होता. शेवटची फाइट दोन बायकांची होती. एकीने दुसरीला मागून धरलं, गळ्याभोवती हात आवळला, आणि खालची बाई तिच्या दंडावर तळहाताने थापट्या मारायला लागली. टॅप. सोड मला, मी हरले. तू याला हरणं म्हणू द्यायची नाहीस. कुणी हट्टाने टॅप करत नसेल तर टीव्हीला ओरडायचीस, "कर रे बाबा टॅप, घरी आई वाट बघतेय!" त्या बाईचा तो हात दिसला आणि मी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा टीव्हीवर त्या दोघी एकमेकींना धरून रडत होत्या. सगळ्यांनी मधल्या चौकोनावर चिंचोका ठेवला. आणि अश्फाक तुझ्या कार्डाकडे बघत बसला.

"ताई, तुम्ही आत्ता डोळे मिटले ना?"

"मिटले. मग?"

त्याने तुझ्या कार्डावर कोपऱ्यातल्या चौकोनात चिंचोका ठेवला. "मंगल डोळे मिटते." कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रांग भरली.

कुलकर्णीने ऑडिटरच्या नजरेने एकेक चौकोन तपासला. "कुणी हलवलं नाही ना? खरं सांगा." कुणी हलवलं नव्हतं. पंखा बंद होता, खिडक्या बंद होत्या. मी डोळे मिटणार, हे तू कधीचं लिहून ठेवलं होतंस आणि त्याच्यावरच जिंकलीस!

"मग पुढची बैठक एस्तेरताईकडे," अश्फाक हळूच म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" कुलकर्णी भडकला. "यार, तिची आई आहे तिथे. एकटी. आपण काय तिथे जाऊन मारामाऱ्या बघायच्या?"

त्यानंतरची फाइट आम्ही बुडवली. नेट चालत नाही असं मीच सांगितलं. खोटं होतं ते, तिघांनाही कळलं.

कुलकर्णीला वाटायचं, मावशी आपल्यावर चिडून आहेत. रविवारी सकाळी त्या रिक्षा करून एकट्या चर्चमध्ये उपासनेला जायच्या आणि तू आमच्यात. "प्रभूच्या दिवशी ही रक्ताची होळी!" असं त्या म्हणायच्या, हे तूच नक्कल करून सांगितलं होतंस. पण माझी भीती ती नव्हती. माझी भीती कुणालाच माहीत नव्हती. तुला तरी माहीत आहे का?

तू गेलीस त्या दिवशी अतिदक्षता विभागात मला पाच मिनिटं आत सोडलं होतं. मावशी नगरला भाच्याच्या लग्नाला गेलेल्या, निरोप कळल्यावर गाडीत बसलेल्या, आणि गाडी कुठे तरी रखडलेली. तुझ्या तोंडावर ती नळी, ते यंत्र. बघवत नव्हतं, आणि चिंचोका ठेवायला हातात कार्डही नव्हतं. मी तुझा हात धरला. तुझ्याच त्या गुरूसारखं म्हणत राहिले, "श्वास घे, एस्तेर. श्वास घे." नर्स म्हणाली, "मॅडम, बस, टाइम हो गया." आणि तेवढ्यात तुझी बोटं माझ्या तळहातावर हलली. थाप, थाप. मग पुन्हा एकदा.

टॅप केलंस का गं तू?

सोड मला, असं म्हणालीस का? की जाऊ नकोस, असं म्हणालीस? मी बाहेर आले. चहाच्या टपरीपाशीही पोचले नव्हते तेव्हा आतून बोलावणं आलं. डॉक्टरांना नंतर विचारलं, तर ते म्हणाले, अशा अवस्थेत बोटं आपोआप हलतात, त्यात काही अर्थ नसतो. त्यांचं काय जातं म्हणायला! त्या थापा अजून माझ्या हातावर आहेत. मेट्रोत दांडा धरला की लागतात, ऑफिसात फाइल उचलली की लागतात. राजीव चौकला गर्दीत कुणी खोकलं की मी मान वळवते, दर वेळी. पर्समध्ये हात घातला की चिंचोका लागतो, आणि मी तो तिथे टाकलेला नसतो.

मावशी विचारणार, शेवटी काही बोलली का माझी पोर? आणि मी काय सांगणार? तिने हार मानली म्हणून? एका आईला हे कसं सांगायचं? म्हणून मी येत नव्हते. फोनवर "बऱ्या आहात ना? काही लागलं तर सांगा" इतकंच, आणि त्या काही विचारायच्या आत ठेवून द्यायचा.

शेवटी अश्फाकच म्हणाला, "ताई, नियम मोडला तर मग खेळ संपला. बिल्कुल संपला. मग तिघांनी भेटायचं कशासाठी?" मी फोन लावला.

"मावशी, मंगल बोलतेय. रविवारी सकाळी तुमच्याकडे यायचं होतं."

"फाइटला?"

"हो. म्हणजे, तुमची उपासना असते, मला माहीत आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी..."

"संध्याकाळच्या उपासनेला जाईन. किती जण आहात?"

"तिघं."

"मग चौघांचे पोहे करते," त्या म्हणाल्या. "ये गं."

आज सकाळी तुझ्या दारात आलो तर दाराजवळ तुझ्या चपला अजून तशाच. कुलकर्णी इतका सांभाळून त्यांच्या बाजूने आत गेला, जसं काही तू आत आहेस आणि बाहेर निघायची घाई आहे तुला. मावशींनी टीव्ही पुसून ठेवला होता. सोफ्याच्या डाव्या टोकाला त्या स्वतः बसल्या, तुझं कार्ड मांडीवर घेऊन. चष्मा लावून तुझं अक्षर वाचत राहिल्या. "एस्तेर खोकते" पाशी त्यांचं बोट थांबलं. आम्ही तिघंही टीव्हीकडे बघायला लागलो, जिथे तेव्हा नुसती जाहिरात चालली होती.

पण खेळल्या, एस्तेर! अशा काही खेळल्या! "अगं बाई, गुडघा घातला!" म्हणून चिंचोका. "हा कोण काळ्या बनियनचा मधेमधे येतो?" तो रेफरी, मावशी, असं सांगितलं, तर त्याच्यावरही चिंचोका. कुलकर्णी कुस्तीवरून बोलला, लगेच चिंचोका. अश्फाक इतका घाबरून पोहे खात होता की एक दाणा सांडला नाही, तर मावशींनीच त्याच्या बशीला कोपर लावलं. कुलकर्णी म्हणाला, "मावशी, ही चीटिंग आहे." त्या म्हणाल्या, "पोहे सांडले की नाही?"

शेवटच्या फाइटला एका उंच माणसाने दुसऱ्याचा गळा पायात धरला. मला कळलं आता काय होणार. पण मी डोळे मिटले नाहीत. पुन्हा माझ्या मिटल्या डोळ्यांवर तुला जिंकू द्यायचं नव्हतं. खालच्या माणसाचा हात वर आला आणि थापट्या पडायला लागल्या.

"हे काय करतोय तो?" मावशींनी विचारलं. "असा हात का मारतोय?"

"टॅप करतोय, मावशी," कुलकर्णी म्हणाला. त्याला काय माहीत! "म्हणजे हार मानली. आता सोड, असं सांगतोय."

मला हुंदका आला. आवरला नाही. कुलकर्णीने टीव्हीचा आवाज बंद केला, आणि मी सगळं सांगून टाकलं. तो हात, त्या थापा, माझं बाहेर येणं. "मावशी, तिने टॅप केलं. मला वाटतं तिने टॅप केलं. आणि मी निघून आले."

मावशींनी मांडीवरचं कार्ड चिंचोक्यांसकट अलगद बाजूला ठेवलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, निघ माझ्या घरातून. मग त्यांनी विचारलं, "हात कुणाचा होता? नर्सचा?"

"माझा."

"तुझा?" त्यांनी माझा हात ओढून घेतला, उलटा केला, तळवा बघितला. "हाच? आणि गार नव्हता ना गं? तिला गार हात लागलेला अजिबात खपायचा नाही. लहानपणापासून."

"नव्हता. आत जाण्याआधी चहाचा कप धरून बसले होते."

"मी समजत होते, ती एकटी गेली," मावशी म्हणाल्या. "इतके दिवस हेच घेऊन बसलेय. काचेच्या आड, मशीनमध्ये, एकटी. तुम्हाला कुणाला विचारायची हिंमत नाही झाली. वाटायचं, तुम्ही म्हणाल, हो मावशी, एकटीच होती." त्यांनी माझा तळवा दोन्ही हातांत धरला. "ती काय म्हणाली ते तिलाच ठाऊक, बाई. पण कुणाला तरी म्हणाली ना!"

एस्तेर, मी जे त्यांच्यापासून लपवत फिरत होते, तेच त्यांना हवं होतं. तू वर बसून बघत होतीस का हे सगळं? मग आधीच का नाही दटावलंस मला? एरवी इतकी दटावायचीस!

त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांच्या खांद्याला तुझ्याच तेलाचा वास होता. मी किती रडले ते कुलकर्णीला विचार, तो मुलीला सांगणार नाही असं म्हणालाय, म्हणजे नक्की सांगणार.

टीव्हीवर तोवर हरलेला माणूस हात झटकून, कुणाकडे न बघता पिंजऱ्यातून निघून गेला होता. मिठी नाही, म्हणजे बिंगो नाही. अश्फाक कार्डं गोळा करायला लागला. तेव्हा मावशींनी मला एका हाताने धरलेलं तसंच ठेवून दुसऱ्या हाताने चिंचोका उचलला आणि तुझ्या कार्डाच्या मधोमध ठेवला.

"मावशी, ते टीव्हीवर व्हायला लागतं," अश्फाक म्हणाला.

"असं लिहिलंय कुठे?" त्यांनी कार्ड अलगद त्याच्याकडे वळवलं. "वाच. 'दोघं मिठी मारतात.' कुठे मारतात ते लिहिलंय?"

कुलकर्णी चष्मा लावून कार्डावर वाकला. मधली आडवी रांग. गुडघा, कुस्ती, मिठी, पोहे, काळ्या बनियनचा रेफरी. बराच वेळ तपासल्यासारखं केलं त्याने. मग म्हणाला, "बरोबर आहे. एस्तेरला बिंगो."

"म्हणजे पुढच्या वेळी परत इथेच?" मावशींनी विचारलं. कशा विचारत होत्या, ते तू ऐकायला हवं होतंस. जणू त्यांना नियम माहीतच नव्हता!

आता त्या उठल्यात. आत कपाटाचा आवाज येतोय. उपासनेला निघायचं आहे, आणि मला बरोबर चल म्हणाल्या आहेत. मला तुमची गाणी येत नाहीत असं सांगितलं, तर म्हणाल्या, तिलाही येत नव्हती, नुसते ओठ हलवायची.

तुझा हात काय म्हणाला ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित कधीच कळणार नाही, आणि तो माझ्या तळव्यावर असाच राहील. राहू दे. पण तुला वचन देते. तुझं कार्ड आम्ही दर वेळी मांडू, सोफ्याच्या डाव्या टोकाला, मावशींच्या मांडीवर. तू जिंकलीस तर इथे येऊच. हरलीस तरी मी येईन, आणि येताना हात गरम करून येईन.

तुझी,
मंगल